मतं खाल्ली म्हणता, ती मतं तुमची होती का?

निवडणूक जवळ आली की पनवेलच्या आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य फिरू लागतं : "वंचितला मत म्हणजे भाजपला मत." बोलणारे बहुतेक काँग्रेस, राष्ट्रवादी नाहीतर शेकापचे असतात. काही आपलेच असतात, त्याचं जास्त वाईट वाटतं. तेव्हा एकदा हिशेबच करू.

2019 ची मावळ लोकसभा घ्या. घाटाखालचे पनवेल, उरण आणि कर्जत हे तीन विधानसभा मतदारसंघ तिच्यात येतात. शिवसेनेचे श्रीरंग बारणे राष्ट्रवादीच्या पार्थ पवारांपेक्षा 2 लाख 15 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. वंचितचे राजाराम पाटील यांना साधारण 75 हजार मतं मिळाली. ही सगळी मतं उचलून पार्थ पवारांच्या पारड्यात टाकली तरी ते सुमारे 1 लाख 40 हजारांनी हरतात. मग इथे कोणी कोणाचं काय खाल्लं?

नांदेड आणि सोलापूरचं गणित वेगळं आहे, ते नाकारायचं कारण नाही. नांदेडात अशोक चव्हाण 40 हजारांनी पडले आणि वंचितच्या यशपाल भिंगे यांना 1 लाख 66 हजार मतं होती. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले, तिथेही बाळासाहेब आंबेडकरांची मतं पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती. पण या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : ही मतं जन्मानेच काँग्रेसची होती. कोणी दिली काँग्रेसला ही मालकी? आणि ज्या चव्हाणांना पाडल्याचं पाप आमच्या माथी मारलं, ते फेब्रुवारी 2024 मध्ये स्वतःच भाजपमध्ये गेले. आता बी टीम कोण?

पनवेलचं तर विचारूच नका. रामशेठ ठाकूर शेकापचे खासदार होते, मग काँग्रेसमध्ये गेले. प्रशांत ठाकूर 2009 ला काँग्रेसचे आमदार झाले आणि 2014 ला भाजपचे. नेत्याबरोबर मतंही लाल झेंड्याकडून पंजाकडे आणि पंजाकडून कमळाकडे गेली. याला कोणी मतविभाजन म्हटलं नाही, ते "राजकारण" ठरलं. 2024 च्या विधानसभेला याच पनवेलमध्ये भाजपविरोधात शेकाप आणि ठाकरेंची शिवसेना एकमेकांसमोर उभे राहिले. तेव्हा बौद्धवाड्यांत येऊन आम्हाला ऐक्याचे धडे देणारे कुठे होते?

हा कांगावा इथलाच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारा नायजेल फराज यांचा युकिप हा पक्ष वाढू लागला, तेव्हा पंतप्रधान कॅमेरन सांगत होते की फराजना मत द्याल तर मजूर पक्षाचे मिलिबँड सत्तेवर येतील. शब्द बदला, भाषण आपल्याकडचंच आहे. प्रत्यक्षात युकिप हुजूर पक्षाची मतं ओढत होता, तशीच मजूर पक्षाची जुनी कामगार मतंही. 2014 मध्ये मजूर पक्षाच्या हेवूड अँड मिडल्टन या हक्काच्या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तिथे तो पक्ष जेमतेम 617 मतांनी वाचला. कारण सोपं होतं. ही मतं कुठे जाणार, असं दोन्ही मोठ्या पक्षांनी धरून ठेवलं होतं.

युकिपचं राजकारण स्थलांतरितांच्या द्वेषावर पोसलेलं होतं, आंबेडकरी माणसाला त्याचं कौतुक असूच शकत नाही. पण त्यांनी मतांचं काय केलं ते पाहा. 2015 ला 38 लाखांवर मतं आणि जागा फक्त एक. वंचितलाही 2019 ला 37 लाखांच्या आसपास मतं होती आणि आघाडीत जागा आली एकच, एमआयएमची औरंगाबादची. फरक असा की युकिपच्या भीतीने कॅमेरननी 2013 मध्येच सार्वमताचं आश्वासन दिलं आणि 2016 मध्ये ब्रिटनचा निर्णय झाला. आपल्या 37 लाखांच्या बदल्यात आपण प्रस्थापितांकडून काय लिहून घेतलं? खासगी क्षेत्रातलं आरक्षण? गायरान जमिनींचे पट्टे? 2024 च्या वाटाघाटींत जास्त चर्चा जागांच्या आकड्यांची झाली, हे आपल्या नेतृत्वालाही ऐकावं लागेल. नंतर संविधान धोक्यात आहे असं वाटल्यावर आपल्याच मतदाराने मोठ्या प्रमाणात महाविकास आघाडीकडे बटण दाबलं आणि वंचितची मतं निम्म्याहून खाली आली. तो मतदार जसा काँग्रेसच्या मालकीचा नाही, तसा आपल्याही नाही.

रायगडाला याची जुनी ओळख आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा संप नारायण नागू पाटलांनी चालवला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने 1937 मध्ये खोतीविरोधी विधेयक आणलं आणि 1938 च्या जानेवारीत कोकणातली कुळं मुंबईच्या कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेली. आगरी, कुणबी आणि महार एकत्र आले ते काँग्रेसच्या बाहेर, आणि हातात जमिनीचा ठोस मसुदा होता म्हणून.

तेव्हा यापुढे कोणी "मतं खाऊ नका" म्हणत दारात आलं, तर त्याला आधी बसवा, पाणी द्या, आणि त्याच्या पक्षाने विमानतळ आणि सिडकोच्या जमिनीत भूमिहीन बौद्ध, आदिवासी कुटुंबांसाठी काय मागितलं ते लेखी दाखवायला सांगा.