देवाच्या वचनाचा सातबारा

आमच्या अड्याळला कीर्तन संपताना पसायदान होतं, तेव्हा यात कोण कोण येतं, असं कुणी विचारत नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावो, सगळ्यांचं भलं होवो. विषय संपला! ख्रिस्ती मंडळींत मात्र यावर सतराशे-अठराशे वर्षं वाद चालू आहे. तारण सगळ्यांचं, की निवडकांचं?

तिसऱ्या शतकात ओरिगेनने आशा मांडली, की शेवटी सगळेच देवाकडे परततील. सहाव्या शतकात चर्चने त्याच्या नावावरची ही मतं त्याज्य ठरवली. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीसारख्यांनी दुसरंच टोक धरलं: इस्राएलला दिलेली वचनं अक्षरशः पुरी व्हायची आहेत. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि या विचाराच्या लोकांना वाटलं, बघा, झालीच सुरुवात!

मराठी बायबलात 'इस्राएल' असतं, पेपरात 'इस्रायल'. एक देवाने निवडलेली प्रजा, दुसरा पासपोर्ट देणारा देश. आपल्याकडे निदान स्पेलिंग तरी वेगळं आहे! वादात मात्र दोन्ही सर्रास एक धरले जातात, आणि मग देवाचं वचन म्हणजे जमिनीचा सातबारा होऊन बसतो. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या माणसांचं काय, हा प्रश्नच उरत नाही.

गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकच पान उघडतात: पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय ११. सगळ्या इस्राएलचं तारण होईल असं पौल तिथे म्हणतो, आणि थोडं पुढे, देवाला सर्वांवरच दया करायची आहे असंही. मध्ये कलमाचा दाखला आहे. काटोलकडचा संत्रेवाला जंबेरीच्या रानटी खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा भरतो. पौल नेमकं उलटं सांगतो: चांगल्या जैतुनावर रानटी फांदी! हे निसर्गाविरुद्ध आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. म्हणून फांदीने मुळापुढे फुशारकी मारू नये.

आता आपल्या घरचं उदाहरण. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवार तेली. (शनिवारची सुट्टी आयटीवाल्यांनी नाही, यांनी आणली!) मिशनऱ्यांनी त्यांना मराठी बायबल दिलं, जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. ख्रिस्ती झाले अगदी थोडे. बाकीचे उलट जास्तच पक्के यहुदी झाले. १९४८ नंतर बरेचजण इस्रायलला गेले. आणि तिथे १९६२ मध्ये धर्मगुरूंनी लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी लावली: तुम्ही खरे यहुदी कशावरून? आंदोलनं झाली, तेव्हा कुठे ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्य केलं.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांनाही यादीत नाव शोधावं लागलं. यादी माणसाच्या हातात गेली की हेच होतं. मिशनरी असो, रब्बी असो, की आपला जातपडताळणीचा कारकून.

"मग हिटलरही सुटणार का?" हा प्रश्न रास्त आहे. पण सगळ्यांची आशा धरणं म्हणजे हिशेब माफ करणं नव्हे. ओरिगेनच्या मांडणीतही आधी आग आहे, शुद्धी आहे. फरक इतकाच, की ती आग कुणासाठी कायमची नाही.

मला विचाराल तर वचन खरं मानायला हरकत नाही. फक्त ते दुसऱ्याला घराबाहेर काढायला वापरलं, की समजावं, अकरावा अध्याय अर्धाच वाचलाय.