विश्लेषण : मणक्यातील गादी बदलली की कंबरदुखी जाते?

कंबरदुखीसाठी काढलेल्या एमआरआयच्या अहवालात ‘गादी झिजली आहे’ असे वाचले, की अनेकांच्या मनात एकच विचार येतो : गुडघा बदलतात, तशी ही गादीही बदलता येईल का? तशी शस्त्रक्रिया आहे आणि ती गेली चार दशके होत आहे. मात्र ती फार थोड्या रुग्णांच्या उपयोगाची आहे. ते रुग्ण कोणते, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी समजून घ्यायला हवे.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

पाठीच्या कण्यातील दोन मणक्यांमध्ये गादी किंवा चकती असते. तिचे बाहेरचे कडे चिवट असते आणि आत जेलीसारखा गर असतो. वयानुसार गरातील पाणी कमी होते आणि गादी चपटी होत जाते. शस्त्रक्रियेत ही गादी काढून तिच्या जागी कृत्रिम गादी बसवतात. बहुतेक रचनांमध्ये वर-खाली धातूच्या दोन पट्ट्या आणि मध्ये कठीण प्लास्टिकचा गाभा असतो. कंबरेच्या गादीपर्यंत पाठीकडून नव्हे, तर पोटाच्या बाजूने पोहोचावे लागते. पोटातील अवयव आणि पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला साराव्या लागतात. या शस्त्रक्रियेतील मोठा धोका तिथेच असतो.

ही कल्पना आली कुठून?

कृत्रिम गादी येण्याआधी ‘फ्यूजन’ हाच पर्याय होता. त्यात दोन मणके कायमचे जोडतात. त्या ठिकाणची हालचाल थांबते आणि शेजारच्या गादीवर जास्त ताण येण्याची भीती राहते. हालचाल टिकवावी म्हणून स्वीडनमधील उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी मणक्यांमध्ये पोलादी गोळे बसवून पाहिले, पण ते गोळे हाडात रुतू लागले. पुढे पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कारिन ब्यूटनर-यान्झ आणि कुर्ट शेल्नाक यांनी नवी रचना तयार केली. ती १९८४ मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. ब्यूटनर-यान्झ यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शारिटे गादीला २००४ मध्ये आणि ‘प्रोडिस्क-एल’ला २००६ मध्ये मान्यता दिली.

मान्यता आहे, मग शंका कशासाठी?

अमेरिकेतील मान्यतेसाठीच्या चाचण्यांत कृत्रिम गादीची तुलना फ्यूजनशी होती. ती फ्यूजनपेक्षा वाईट नाही, हे त्यांत दिसले. पण केवळ कंबरदुखीसाठी फ्यूजन करावे का, हाच मुळात वादाचा विषय आहे. खरी तुलना हवी ती शस्त्रक्रियेविना होणाऱ्या चांगल्या उपचारांशी.

ती नॉर्वेत झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १७३ रुग्ण होते. काहींना कृत्रिम गादी बसवली, तर काहींना व्यायाम, समुपदेशन आणि फिजिओथेरपी यांचा एकत्रित कार्यक्रम दिला. दोन वर्षांनी दोन्ही गटांना बरे वाटत होते. शस्त्रक्रियेचा गट पुढे होता, पण शंभर गुणांच्या मोजपट्टीवर फरक ८.४ गुणांचा होता. रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणून संशोधकांनी आधीच १० गुण ठरवले होते. शस्त्रक्रियेच्या गटातील एका रुग्णाला फेरशस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे पाय गमवावा लागला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी गादी बदलण्याची शस्त्रक्रिया देऊ नये, असे म्हटले. अमेरिकेच्या मेडिकेअरने तर २००७ मध्येच साठीपुढच्या रुग्णांसाठी तिचा खर्च देणे थांबवले होते.

अहवालात झीज दिसते, मग दुखणे तिचेच नाही का?

इथेच बहुतेकांची गफलत होते. यंत्रात खराब बेअरिंग सापडले, की ते बदलावे आणि आवाज थांबावा, असा आपला हिशेब असतो. कंबरेला तो लागू होत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन अभ्यासले गेले. त्यात विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयातील ९६ टक्के लोकांच्या गादीत झीज होती. म्हणजे झीज दिसणे आणि दुखण्याचे कारण सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखणे मणक्याच्या मागच्या सांध्यांतून किंवा स्नायूंतून येऊ शकते. बरेच दिवस दुखत राहिल्यास मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील होते. अशा वेळी नवी गादी कितीही उत्तम असली, तरी दुखणे तसेच राहू शकते.

मग ही शस्त्रक्रिया कोणासाठी?

किमान सहा महिने व्यायाम आणि औषधोपचार नीट करूनही फरक पडलेला नाही, खालच्या एक-दोन गाद्यांतच दोष आहे आणि दुखणे तिथलेच आहे याची तज्ज्ञांना खात्री आहे, अशा तरुण किंवा मध्यमवयीन रुग्णांचा विचार होतो. हाडे ठिसूळ असतील, मणका सरकलेला असेल, मागचे सांधे झिजलेले असतील किंवा संसर्ग असेल, तर ही शस्त्रक्रिया करत नाहीत. नस दाबली जाऊन पायात कळ जात असेल, तर त्याचे उपचार वेगळे असतात. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा पायातील ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर मात्र थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

निर्णय कसा घ्यावा?

चाळिशीत बसवलेली गादी पुढे कित्येक वर्षे टिकायला हवी. ती काढण्याची वेळ आली, तर रक्तवाहिन्यांभोवतीच्या जुन्या व्रणांमधून पुन्हा जावे लागते. म्हणून होकार देण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत : माझे दुखणे याच गादीचे आहे, हे कशावरून? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? तुम्ही अशा किती केल्या आणि त्यांचे पुढे काय झाले? गादी बिघडली तर पुढे काय? उत्तरे गोलमोल वाटली, तर त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

रुग्णालयांचीही जबाबदारी आहे. कृत्रिम गादीची किंमत सांगताना शिस्तबद्ध व्यायाम-कार्यक्रमाचा पर्याय आणि त्याचे निकालही त्याच टेबलावर मांडले गेले पाहिजेत. कर्ज काढून किंवा विम्याची रक्कम संपवून शस्त्रक्रियेला उभ्या राहणाऱ्या कुटुंबाला एवढी माहिती मिळणे हा त्याचा हक्क आहे.