मुलांच्या खांद्यावरची बंदूक : फ्लोरिडाच्या दत्तकबंदीची ३३ वर्षे

१/ समलिंगी जोडप्यांनी मूल वाढवावे का, हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : "मोठ्यांचे काहीही असो, पण त्या लेकरांचे काय?" प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारणाऱ्यांनी उत्तराची कधी वाट पाहिली का, हे इतिहासाच्या साक्षीने तपासले पाहिजे. त्यासाठी आज अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जाऊ. #धागा

२/ वर्ष १९७७. मायामी शहर ज्यात मोडते त्या डेड काउंटीने, समलिंगी व्यक्तींना नोकरी आणि घर नाकारण्यास मनाई करणारा नियम केला. गायिका अनिता ब्रायंट यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. मोहिमेचे नाव 'सेव्ह अवर चिल्ड्रन', म्हणजे 'आमची मुले वाचवा'. वाद नोकरीचा आणि घराचा, पण बंदूक ठेवली ती मुलांच्या खांद्यावर! ७ जून रोजी मतदारांनी तो नियम रद्द केला.

३/ त्याच वर्षी राज्याने समलिंगी व्यक्तींना दत्तक घेण्यास सरसकट बंदी घालणारा कायदा केला. अशा घरांत वाढणाऱ्या मुलांचा पद्धतशीर अभ्यास तेव्हा जवळजवळ नव्हताच. म्हणजे निकाल आधी लागला आणि पुराव्याचा शोध नंतर सुरू झाला.

४/ आता यातील विसंगती पाहा. दत्तकास बंदी होती, फॉस्टर केअरला नव्हती. फॉस्टर केअर म्हणजे आईबापांपासून दूर करावे लागलेल्या मुलांचे दुसऱ्या घरी तात्पुरते संगोपन. डिसेंबर २००४ मध्ये दोन भाऊ, एक ४ वर्षांचा आणि दुसरा ४ महिन्यांचा, असेच मायामी परिसरातील एका समलिंगी जोडप्याच्या घरी आले. थोरल्याच्या अंगात मोठ्या माणसाचा मळका टी-शर्ट होता. दोघांच्याही डोक्यात नायटा झाला होता. थोरला बोलत नव्हता. धाकट्याला सांभाळणे एवढेच त्याला ठाऊक होते.

५/ त्या घरात मुले सावरली. पुढे जन्मदात्यांचे हक्क संपुष्टात आल्यावर पालकाने दत्तकासाठी अर्ज केला. घराची पाहणी झाली, अहवाल अनुकूल आला, तरीही अर्ज फेटाळला गेला. कारण एकच : १९७७ चा कायदा. आजारी मूल सोपवताना ज्याचे समलिंगी असणे आड आले नाही, त्याला त्याच मुलाचा बाप म्हणवून घेण्यास मात्र तेच राज्य अपात्र ठरवत होते.

६/ खालच्या न्यायालयाने २००८ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २२ सप्टेंबर २०१० रोजी अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या अपिलात समलिंगी आणि भिन्नलिंगी माणसे सारखीच चांगली पालक होऊ शकतात, हे राज्यानेही मान्य केले होते! 'मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत' हा युक्तिवादही टिकला नाही, कारण राज्यातील सुमारे एकतृतीयांश दत्तके एकट्या व्यक्तींनीच घेतली होती. गुन्ह्याचा वा व्यसनाचा पूर्वेतिहास असणाऱ्यांवरही अशी सरसकट बंदी नव्हती.

७/ 'पण समाज त्या मुलांना टोचून बोलेल' हा उरलेला आक्षेप. त्याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच देऊन ठेवले आहे, आणि तेही फ्लोरिडातीलच पामोर विरुद्ध सिडोटी या खटल्यात. गोऱ्या आईने कृष्णवर्णीय पुरुषाशी विवाह केला, म्हणून तिच्या मुलीचा ताबा काढून घेण्यात आला होता. कारण दिले ते लोकनिंदेचे. न्यायालयाने एकमताने सांगितले की समाजात पूर्वग्रह असतील, पण कायद्याने त्यांची अंमलबजावणी करू नये.

८/ आता संशोधनाकडे. आरंभीचे बरेच अभ्यास लहान होते आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या कुटुंबांवर आधारलेले होते. ही टीका योग्यच आहे. पण विरोधकांचा हुकमी एक्का कोणता? मार्क रेग्नेरस यांचा २०१२ चा अभ्यास. त्यात ज्याच्या आईने वा वडिलांनी कधीही समलिंगी संबंध ठेवला, असे प्रत्येक मूल एका गटात घातले गेले. त्यांतील बहुतेकांची घरे आधीच मोडलेली होती. तुलना केली ती मात्र अखंड घरांतील मुलांशी. घर मोडल्याचा परिणाम पालकाच्या लैंगिकतेच्या खात्यावर मांडला गेला. मिशिगनमधील खटल्यात न्यायाधीश बर्नार्ड फ्रीडमन यांनी २०१४ मध्ये ही साक्ष विश्वासार्ह मानण्यास साफ नकार दिला. त्यांची नेमणूक रोनाल्ड रेगन यांनी केलेली होती, हेही नोंदवून ठेवावे.

९/ लहान नमुन्याचा आक्षेप नेदरलँड्समध्ये संपतो. तेथील सरकारी नोंदींवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी पालकांची सुमारे ३,००० मुले आणि तुलनेसाठी १० लाखांहून अधिक इतर मुले होती. जन्मापासून समलिंगी पालकांकडे वाढलेली मुले शाळेत मागे नव्हती. उलट काहीशी पुढेच होती. यात पालकांच्या सुस्थितीचा वाटा आहे, हे खरे. पण ज्या हानीचे भाकीत १९७७ पासून चालले होते, ती कोठे आहे?

१०/ आपल्याकडे काय? २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार अविवाहित व्यक्ती एकटी मूल दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मात्र मिळत नाही. जोडप्याला किमान दोन वर्षांचा स्थिर विवाहसंबंध दाखवावा लागतो. समलिंगी विवाहास मान्यता नाही, म्हणून दोघे मिळून दत्तक घेऊ शकत नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी हा नियम कायम ठेवला.

११/ बहुमताने अशा जोडप्यांना नालायक म्हटलेले नाही. त्यांचा मुद्दा असा की अविवाहित जोडपे विभक्त झाले तर मुलाला विवाहाच्या कायद्याचे संरक्षण मिळणार नाही. पण ते संरक्षण नाकारले कोणी? कायद्यानेच! छत्री काढून घ्यायची आणि मग मूल भिजेल म्हणून घराबाहेर पडू द्यायचे नाही, असा हा न्याय आहे.

१२/ परिणाम काय होतो? एकच जोडीदार कायदेशीर पालक ठरतो. तो उद्या दगावला, तर ज्या दुसऱ्या माणसाने त्या मुलाला न्हाऊमाखू घातले, रात्री जागवल्या, तो कायद्याच्या लेखी परका उरतो. मूल एका दिवसात दोन्ही पालकांना मुकू शकते. याला बालहित म्हणायचे?

१३/ म्हणून 'लेकरांचे काय?' हा प्रश्न जरूर विचारा. पण तो कल्पनेतील मुलाविषयी नव्हे, तर त्या घरात आज वाढत असलेल्या मुलाविषयी विचारा. फ्लोरिडाला तेवढे करायला ३३ वर्षे लागली. आपण किती घेणार?

असहमती असल्यास अवश्य मांडा, पुराव्यासह मांडा. धागा समाप्त.