पत्रकाराला मत नको, नोंद द्या

आपल्या मोहल्ल्यात पत्रकार केव्हा येतो? दंगल झाली, तलाकचा कायदा आला किंवा निवडणूक लागली की. वीज, पाणी, हवामान यांवर लिहिणारा पत्रकार आपल्याकडे फिरकत नाही आणि आपणही त्याला काही कळवत नाही. जणू हे प्रश्न आपले नाहीतच.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात शेख, पठाण, सय्यद आडनावांची शेतकरी कुटुंबे आहेत. त्यांचा पंप आणि शेजारच्या पाटलांचा पंप एकाच रोहित्रावर चालतो. वीज रात्रीची असेल, तर बिबट्याच्या भीतीत दोघांनाही उसाला पाणी द्यायला जावे लागते. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यावी, यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्या सुरुवातीच्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी एक आपल्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा.

या योजनेबद्दल पत्रकाराला काय कळवाल? ‘योजना फसली’ हे मत झाले. ‘आमच्या कृषी फीडरवर गेल्या ३० दिवसांत दिवसा वीज किती तास आली, ही तारीखवार वही’, ही बातमी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे ‘ॲप चालत नाही’ एवढ्या तक्रारीने काही हलत नाही. काय व्हायला हवे होते, काय झाले, कधी झाले आणि स्क्रीनशॉट, एवढे मिळाले की काम सुरू होते. पत्रकाराला लिहितानाही तीच शिस्त हवी. ऊर्जेवर सातत्याने कोण लिहिते ते आधी वाचा आणि त्यालाच लिहा. पन्नास जणांना फॉरवर्ड करू नका. पाच-सहा ओळी पुरेत: नवे काय, झळ कोणाला, पुरावा कोणता, आत्ताच का. शेतकऱ्याचा नंबर त्याला विचारूनच द्या. जे माहीत नाही, ते तसेच सांगा. कागद हवा असेल तर महावितरणकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

काही मित्र म्हणतात, ‘आपलं नाव बघूनच बाजूला टाकतील.’ तसे होतही असेल. पण तारखांची वही बाजूला टाकणे मत बाजूला टाकण्याइतके सोपे नसते. आणि वीजबिल भरणारा ग्राहक म्हणून आपण बोललोच नाही, तर आपल्याला फक्त धर्माबद्दलच विचारले जाणार.

निषेधाचे निवेदन आपण एका रात्रीत तयार करतो. फीडरच्या वहीला महिना लागेल. मात्र ती पाटलांच्याही कामी येईल.