गाव कोणते, शहर कोणते?

कल्याणजवळच्या २७ गावांची कहाणी महाराष्ट्राच्या नियोजनकारांनी पुन्हा एकदा वाचावी अशी आहे. १९८३ साली कल्याण महापालिका स्थापन झाली, तेव्हा ही गावे शहरात घेण्यात आली. २००२ साली ती वगळण्यात आली, म्हणजे कागदोपत्री पुन्हा गावे झाली. २०१५ साली ती परत शहरात आली. या काळात तेथील शेते गेली, चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या, माणसे रोज सकाळी लोकलगाडी गाठू लागली. २००२ साली ही वस्ती शेतीकडे वळली होती असे कोणीही म्हणणार नाही. बदलला तो फक्त शासनाचा शिक्का. शहराचा कर आला पण शहराची सोय आली नाही, हा तेथील लोकांचा रोष मात्र खरा होता.

‘शहर’ म्हणजे काय, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या वर्गातला वाटतो. वस्तुतः तो सत्तेच्या आणि पैशाच्या वाटपाचा प्रश्न आहे. आपल्या देशात शहर ठरवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली कायद्याची: जेथे महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटकमंडळ आहे ते शहर. दुसरी जनगणनेची: वस्ती किमान ५,००० लोकांची असावी, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० असावी, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असावेत. १९६१ च्या जनगणनेपासून हे दंडक जवळजवळ तसेच राहिले आहेत. अशा वस्तीला जनगणना-शहर म्हणतात. जनगणना तिला शहर म्हणते, पण कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो.

२००१ साली देशात अशी १,३६२ शहरे होती. २०११ साली ती ३,८९४ झाली. याच दशकात कायद्याने शहर ठरलेल्या वस्त्या मात्र ३,७९९ वरून केवळ ४,०४१ वर गेल्या. केरळची नागरी लोकसंख्या एका दशकात सुमारे २६ टक्क्यांवरून ४७.७ टक्क्यांवर गेली, ती मुख्यतः अशाच वस्त्यांमुळे. म्हणजे देशाचे नागरीकरण घडते आहे, पण ते चालवायला नागरी संस्था नाही. पाच मजली इमारतींचे सांडपाणी कोठे जाणार, हे ज्या ग्रामपंचायतीने ठरवायचे तिच्याजवळ ना अभियंता असतो, ना निधी. या दुर्बळतेत बांधकाम व्यावसायिकाची सोय असते. रहिवाशाची तर नसतेच.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने हा गोंधळ मिटेल अशी आशा होती. लोकसंख्या, घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगार आणि आर्थिक महत्त्व हे निकष तिने सांगितले. पण आकडा एकही दिला नाही, आणि अंतिम निर्णय राज्य शासनाच्या मर्जीवर सोडला. त्या मर्जीचे फळ दोन्ही बाजूंनी दिसते. एकीकडे वाढून शहर झालेली वस्ती वर्षानुवर्षे गाव राहते. दुसरीकडे महाराष्ट्र शासनाने २०१४ साली तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायती करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ज्यांच्या शिवारात अजून ज्वारी उभी होती अशी गावेही शहरे झाली.

शिक्क्याने मजुराचे काय होते ते पाहावे. महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा ग्रामीण भागाबरोबर ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्रालाही लागू होता. लहान शहराच्या वेशीवरचा भूमिहीन हा शेतमजूरच असतो, एवढे शहाणपण त्या कायद्यात होते. केंद्राने २००५ साली केलेल्या कायद्याने हमी ‘ग्रामीण’ या शब्दाशी बांधली आणि नागरी संस्थांचे क्षेत्र व्याख्येतूनच वगळले. तालुक्याचे गाव नगरपंचायत झाले त्या दिवशी तेथील मजूर त्या व्याख्येबाहेर गेला. त्याची भूक मात्र होती तेथेच राहिली. मग ग्रामस्थ ‘आम्हाला शहर नको’ म्हणतात तेव्हा त्यांना मागासलेले ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

व्याख्येतील आणखी एका अन्यायाकडे आमच्या अर्थशास्त्रज्ञांनीही पुरेसे लक्ष दिलेले नाही. तीन-चतुर्थांशांच्या कसोटीत मोजले जातात ते फक्त पुरुष. घरचा पुरुष कारखान्यात जातो आणि बाई शेत राखते, असे चित्र शहरांच्या परिघावर सर्वत्र दिसते. जनगणना अशा वस्तीला शहर म्हणते, कारण बाईचे काम तिच्या हिशेबातच नाही. जी व्याख्या निम्मी माणसे सोडून देते तिच्यावर विकासाची धोरणे कशी उभी राहणार?

प्रादेशिक विकासाच्या चर्चेत तर या आकड्यांनी फार दिशाभूल होते. २०११ साली महाराष्ट्र ४५.२ टक्के नागरी होता, असे अभिमानाने सांगितले जाते. पण ही सरासरी मुंबई, ठाणे आणि पुण्याने उचलून धरलेली आहे. गडचिरोलीत नागरी लोकसंख्या ११ टक्के, सिंधुदुर्गात १२.६ टक्के होती. हे दोन आकडे शेजारी दिसतात म्हणून दोन जिल्ह्यांचे दुखणे एक ठरत नाही. सिंधुदुर्गातील असंख्य घरे मुंबईच्या पगारावर चालत आली आहेत. गडचिरोलीला असा आधार नाही. १९८४ साली दांडेकर समितीने जिल्हा हा घटक धरून अनुशेष मोजला. ते काम मोलाचे होते. परंतु आता बाजारपेठेचे गाव आणि त्याच्यावर दवाखाना, शाळा व विक्रीसाठी अवलंबून असलेली खेडी असा एकत्र घटक धरून मोजणी झाली पाहिजे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या मोजणीची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. जनगणना-शहरांची यादी मोजणीच्या आधी, मागील जनगणनेच्या आकड्यांवरून तयार होत असते. मधल्या सोळा वर्षांत वाढलेल्या वस्त्या त्या यादीत कशा सापडणार, याचे उत्तर मोजणीपूर्वी मिळाले पाहिजे. म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: कसोटीत स्त्रियांचे काम धरावे. जनगणनेने शहर ठरवलेल्या वस्तीच्या कारभाराबाबत शासनाने ग्रामसभेचे म्हणणे ऐकून ठरावीक मुदतीत सकारण निर्णय द्यावा. नागरी कर लावण्याआधी पाणी आणि गटार द्यावे. आणि कामाचा हक्क वस्तीच्या शिक्क्याशी न बांधता माणसाच्या गरजेशी बांधावा.

गाव आणि शहर यांच्यामधली रेघ नकाशावर काढावी लागते, हे मान्य. पण ती माणसाच्या ताटातून जाता कामा नये.