फुकटचं पाणी कोणाला महाग पडणार?



उन्हाळ्यात आपल्या खालच्या पाड्यांवर टँकर यायला लागले. ड्रायव्हर म्हणायचा, पाणी घ्या, खत घ्या, पैसे नकोत. विहीर आटलेली, खताची गोणी महाग. अशा वेळी फुकटचं कोण सोडेल? काही घरांनी शेतात ओतून घेतलं. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण पहिल्या पावसात आमच्या झिऱ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं, गुरांनी तोंड लावलं नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

हे डिस्टिलरीचं पाणी आहे. साखर काढल्यावर मळी उरते. मळी आंबवून, उकळून त्यातून इथेनॉल काढतात आणि पेट्रोलमध्ये मिसळतात. एक लिटर इथेनॉलमागे 8 ते 15 लिटर काळपट, आंबूस पाणी उरतं. कारखान्यात त्याला स्पेंट वॉश म्हणतात, आपण मळीचं पाणी म्हणतो. ते नदीनाल्यात सोडायचं नाही, असं 2003 साली केंद्र सरकारने डिस्टिलऱ्यांना बजावलं. आटवायचं, शुद्ध करायचं तर पैसा लागतो. म्हणून ते जिरवायला जमीन शोधतात.

खरं ते सांगायला पाहिजे. ह्या पाण्यात पोटॅश भरपूर असतं. ब्राझील देशात उसाला हेच पाणी देतात. पण तिथल्या साओ पाउलो राज्यात आधी मातीतलं पोटॅश मोजतात, मग किती पाणी द्यायचं ते ठरवतात. आपल्याकडे काय मोजलं? रात्री नळी सोडली आणि टँकर गेला.

शिवाय आपली जमीन उसाची सपाट काळी जमीन नाही. उताराची, वीतभर माती आणि खाली मुरूम. ओतलेलं पाणी नाल्यात उतरतं. त्यातला कुजणारा माल पाण्यातला प्राणवायू खातो आणि मासे मरतात. हे मोजायला बीओडी नावाचं माप आहे. शेतात सोडायच्या सांडपाण्यात ते लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. मळीच्या कच्च्या पाण्यात ते 40 हजारांच्या आसपास, कधी त्याच्याही वर असतं. बायोगॅस काढून घेतल्यावरही काही हजार उरतं. पुन्हा पुन्हा ओतलं तर क्षार साठतात, बी उगवत नाही. चांगलं पाणी मिसळून द्या म्हणतात. मिसळायला पाणी असतं तर टँकरला हो म्हटलं असतं का?

ही जमीन आपल्याला कोणी दान दिलेली नाही. आईबापांनी मोर्चे काढले, केसेस अंगावर घेतल्या, तेव्हा वनपट्टा हातात आला. वनहक्क कायद्याप्रमाणे ती वारसाने पोरांना जाते, विकता येत नाही. म्हणजे बिघडली तर विकून दुसरी घ्यायची वाट नाही. पट्टा पोरांच्या नावावर होईल, पण पिकवायला माती उरेल का?

त्याच कायद्याच्या कलम 5 ने झरे, नाले राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरू या. आमचं म्हणणं असं की येत्या ग्रामसभेत ठराव करावा:

1. पाण्याच्या तपासणीचा कागद आणि आपल्या मातीची तपासणी झाल्याशिवाय टँकर शिवारात येणार नाही.
2. कोणत्या शेतात, किती, किती वेळा, हे ग्रामसभा ठरवेल. उतारावर, विहीर-झिऱ्याजवळ आणि पावसाळ्यात अजिबात नाही.
3. नुकसान झालं तर भरपाई कारखाना देईल, हे आधी लेखी पाहिजे.

ज्यांनी पाणी घेतलं त्यांनी घाबरू नये, ग्रामसभेत येऊन सांगावं. त्यांच्या विहिरी आधी तपासून घेऊ.

आणि ड्रायव्हरशी भांडू नका, तो आपल्यासारखाच मजूर आहे. त्याच्या मालकाला एवढंच विचारा: पाणी इतकं चांगलं आहे, तर कागदावर सही करायला जड का जातं?