ताप, की तापलेलं अंग?

मैत्रिणींनो, पोरंबाळं वाढवलेल्या बाईला ताप ओळखायला शिकावं लागत नाही. कपाळाला हात लावला, की समजतं. मीही याच भरवशावर होते. पण माझ्या धाकट्या दिरांच्या कण्याचं ऑपरेशन झालं आणि हे शहाणपण अपुरं पडलं. त्याचीच हकीगत आज सांगते, कारण झाडावरून, विहिरीत, माळवदावरून पडून कणा मोडलेली माणसं आपल्या खेड्यापाड्यांत कमी नाहीत.

भाऊजी चिंचा झोडायला चढले होते. फांदी मोडली आणि ते पाठीवर आदळले. दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीचा मणका मोडला. ऑपरेशन करून डॉक्टरांनी मणके सळ्या आणि स्क्रू घालून पक्के केले, पण आतल्या मज्जारज्जूला मार बसला होता. हात चांगले राहिले; छातीखाली मात्र ना हालचाल, ना जाणीव. वैशाखात त्यांना घरी आणलं. जाता-येता सगळ्यांची नजर राहावी म्हणून पडवीलगतच्या पत्र्याच्या खोलीत बाज टाकली. तिथंच आमचं चुकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहते, तर चेहरा लाल आणि कपाळावर घाम. पायाला हात लावला तर पाय कोरडा ठक्क, आणि तापल्या तव्यासारखा.

“भाऊजी, उकडतंय का हो?”

“नाही वहिनी. जरा गळून गेल्यासारखं वाटतंय, एवढंच.”

थर्मामीटर लावला, तर १०२. सासूबाई म्हणाल्या, “ताप भरलाय. पांघरूण घाल, घाम येऊन उतरेल.” मी गोधडी घातली, तापाची गोळी दिली. तासाभरानं आकडा १०३ वर. माझे हातपाय गळाले.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “आधी गोधडी काढा. जखमेतून काही वाहतंय का पाहा. नळीतली लघवी गढूळ आहे का, खोकला आहे का, तेही पाहा. काही नसेल तर त्यांना थंड खोलीत हलवा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, पंखा लावा. अर्ध्या तासानं मोजून मला सांगा. उतरलं नाही तर लगेच घेऊन या.”

चौघांनी बाजेसकट उचलून कौलारू माजघरात आणलं. जखमेची पट्टी कोरडी ठेवून हात, पाय, मान, काखा पुसत राहिले. अर्ध्या तासात १०१, संध्याकाळपर्यंत ९९. तो ताप नव्हताच. अंग तापलं होतं.

पुढे डॉक्टरांनी समजावलं ते असं. अंगाची उष्णता सांभाळणारा कारभारी मेंदूत असतो. उकडलं की तो घामाचा हुकूम सोडतो, गारठलं की अंग थरथरवतो. हे हुकूम मज्जारज्जूतून खाली जातात. पाट वरच फुटला, तर खालच्या वाफ्यांना पाणी पोचत नाही. तसा रज्जू दुखावला, की खाली ना घाम सुटत, ना हुडहुडी भरत. खालची खबरही वर जात नाही, म्हणून माणूस “उकडत नाही” म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. इजा छातीच्या मध्याच्या वर असेल, तर हा त्रास जास्त.

कमरेच्या गादीचं साधं ऑपरेशन झालं असेल आणि रज्जू शाबूत असेल, तर मात्र असं होत नाही. तिथं पहिले दोन दिवस थोडी कणकण बहुधा आपोआप जाते. पण नंतर १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजून आली, जखम लाल झाली किंवा वाहू लागली, एका पायाची पोटरी सुजली, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

रज्जूला इजा झालेला माणूस घरी असेल, तर एवढं सांभाळा :

उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपवू नका. पाणी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं वेळेवर द्या. अंगावर पाणी फवारायला स्वच्छ नवी बाटली घ्या. औषध मारायच्या पंपाला हातही लावू नका. आकडा १०४ कडे चालला, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर अर्धा तासही थांबू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईस्तोवर अंग पुसत राहा.

थंडीत एका जाड गोधडीपेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला, म्हणजे कमी-जास्त करता येतं. आणि शेक? नको म्हणजे नकोच. आमच्याकडे पौषात शेजारणीनं मायेपोटी पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. भाऊजींना काहीच कळलं नाही. सकाळी टाचेला फोड. तो भरायला दोन महिने गेले. बाजेखाली शेगडीही ठेवू नका.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. इजा वर असेल आणि एकाएकी डोकं फुटल्यासारखं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम, अंगावर काटा आला, तर ते ऊन नव्हे. रक्तदाब झपाट्यानं चढलेला असतो. बसवायची परवानगी असेल तर ताठ बसवा, कपडे सैल करा आणि लघवीची नळी कुठं मुडपली आहे का ते पाहा. बहुतेकदा कारण तुंबलेली लघवी, नाहीतर साठलेला मळ, हेच असतं. पटकन उतार पडला नाही, तर १०८ बोलवा. यात जिवाला धोका असतो.

अशा रुग्णांना पुन्हा उभारी देण्याचं काम मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून करते आहे. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन चौकशी करायला हरकत नाही.

आमच्या घरी बाजेशी सुतळीनं एक वही बांधली आहे. सकाळ-संध्याकाळ काखेत थर्मामीटर लावायचा आणि आकडा मांडायचा. पहिले दोन महिने मी लिहीत होते. आता भाऊजी चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःच लिहितात. परवा दुपारी पोरांना हाक मारून म्हणाले, “अरे, वही सांगते की मला उकडतंय. खिडकी उघडा रे!”

सासूबाई हसल्या, आणि त्यांनीच उठून खिडकी उघडली.